शौर्यदिनाला जाण्याआधी ते अर्जही वाचा

मारेगाव तालुक्यातल्या एका गावात लष्करातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांचे नाव इथे देत नाही, त्यांनीच नको म्हटले आहे. मागच्या महिन्यात ते विहारात आले ते प्लास्टिकची एक पिशवी घेऊन. पिशवीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि वेगवेगळ्या वर्षी केलेल्या अर्जांच्या झेरॉक्स. भरती झाले तेव्हा दोन्ही कान धडधाकट. बाहेर पडले तेव्हा डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळावे म्हणून अर्ज केला. उत्तर आले ते एका ओळीचे, की अपंगत्व सेवेमुळे आलेले नाही. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तीच ओळ. का नाही, कशावरून नाही, याबद्दल अक्षर नाही.

काका म्हणाले, "पैशाचं मंग पाहू भाऊ. मले फक्त येवढं सांगा, का म्हून नाही?"

त्याच संध्याकाळी विहारात तरुणांची बैठक होती. १ जानेवारीला भीमा कोरेगावला किती गाड्या न्यायच्या, वर्गणी किती काढायची, निळे झेंडे कुठून आणायचे, हा विषय. काकांचा विषय आम्ही काढला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता पटकन म्हणाला, "अर्जबिर्ज करून काही होत नाही. आपला इतिहास लढणाऱ्यांचा आहे, अर्ज करणाऱ्यांचा नाही."

वाक्य टाळ्या घेणारे होते. पण ते खरे नाही, आणि हा लेख त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहिला आहे. आपला इतिहास लढणाऱ्यांचा आहे तसाच तो अर्ज करणाऱ्यांचाही आहे. त्यातली मोठी गंमत अशी की दोघेही एकच होते. आपल्या समाजाने इंग्रज सरकारपुढे मांडलेल्या पहिल्या संघटित मागण्यांपैकी एक मागणी निवृत्त सैनिकांनी मांडलेली आहे. तिचा विषय होता अन्यायाने घेतलेल्या एका निर्णयाचा फेरविचार.

कोरेगावची लढाई आपल्याला पाठ आहे, म्हणून ती इथे दोन ओळींत. १ जानेवारी १८१८, कॅप्टन स्टाँटनची तुकडी, समोर पेशव्यांची फौज. तिथल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत. भाषणे बहुतेक इथे संपतात. आमच्या मते खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. ज्या सरकारने या नावांचा दगडी स्तंभ उभारला, त्याच सरकारने पुढे पाऊणशे वर्षांच्या आत यांच्याच नातवंडांना सांगितले की तुम्ही सैनिक होण्याच्या लायकीचे नाही. हे कसे झाले?

आधी लष्कर म्हणजे आपल्यासाठी काय होते ते लक्षात घ्यायला हवे. गावात महाराला वतनाची कामे होती. मेलेले ढोर ओढणे, सांगावा नेणे, वेठ करणे. सवर्णांच्या मुलांबरोबर शाळेत बसायची सोय नव्हती. पलटणीत मात्र पगार होता, गणवेश होता, हुद्दा होता आणि शाळा होती. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की कंपनीच्या लष्करात सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. मुलींनाही, हे विशेष. त्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. एका अस्पृश्य माणसाने त्या काळात मुख्याध्यापक व्हावे ही गोष्ट छावणीबाहेर कुठेही शक्य नव्हती. दापोली, महाड, सातारा, पुणे, कामठी अशा ठिकाणी लिहिता-वाचता येणारा आपला जो पहिला वर्ग तयार झाला, त्यात पलटणीतून आलेल्यांचा वाटा मोठा होता. त्यामुळे लष्कराचे दार बंद होणे म्हणजे केवळ नोकरी जाणे नव्हते, शाळा बंद होणे होते.

आणि १८९२ च्या सुमारास ते बंद झाले.

त्या वेळी हिंदुस्थानच्या फौजेचा मुख्य सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स होता. १८८५ ते १८९३ ही त्याची कारकीर्द. त्याच्या काळात 'लढाऊ जमाती' नावाचा सिद्धांत जोरात चालला. उत्तरेकडचे पठाण, पंजाबी, गुरखे हे जन्मजात लढवय्ये आणि मद्रास-मुंबईकडच्या लोकांचा लढाऊपणा आटून गेलेला, असे हे तर्कशास्त्र. त्याच्या जोडीला पलटणी जातवार बांधण्याचे धोरण आले. पूर्वीच्या मुंबई फौजेत वेगवेगळ्या जातींचे शिपाई एका पलटणीत असत. आता जातीची कंपनी, जातीची पलटण. मग अस्पृश्यांना कुठे ठेवायचे? महार सुभेदाराला सवर्ण शिपायाने सलाम ठोकायचा का? या अडचणीवर सरकारने सोपा उपाय काढला, तो म्हणजे महारांची भरतीच नको. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले गेले की वंशवाद युरोपातून आला आणि जातिव्यवस्था इथली. १८९२ चा निर्णय पाहिला की दोघांनी एकमेकांचा हात किती सहज धरला ते दिसते. इंग्रजाने मनुस्मृती वाचली नसेलही, पण अंमल तिचाच केला.

या निर्णयात आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की ज्यांच्याबद्दल निर्णय झाला त्यांना कुणी विचारले नाही. कुण्या महार पलटणीने पाठ दाखवली, अमुक लढाईत अमुक चूक केली, असा आरोप नाही, चौकशी नाही. सिद्धांत झाला आणि त्या सिद्धांतावर तीन पिढ्यांची नोकरी नोंदवहीतून खोडली गेली.

तेव्हा पेन्शनर उठले. त्यांत पहिले नाव गोपाळबाबा वलंगकरांचे. महाडजवळच्या रावढळचे. लष्करात हवालदार होऊन १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचाराने भारलेला माणूस. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था त्यांनी काढली. 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार काय आहे असे धर्ममार्तंडांना जाहीर विचारले. 'दीनबंधु'त ते लिहीत. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या शेजारी बसायचे म्हणून सवर्ण सदस्यांनी कांगावा केला. हे त्याच महाडात, जिथे ३२ वर्षांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

१८९४ मध्ये वलंगकरांनी या निवृत्त सैनिकांच्या वतीने मुंबईच्या सरसेनापतीसाठी एक विनंतीपत्र तयार केले. भरतीबंदी उठवा ही त्यातली मागणी. ते पत्र नुसते 'मायबाप सरकार दया करा' अशा धाटणीचे नाही. अस्पृश्य हे मूळचे हीन नाहीत, ते एके काळचे क्षत्रिय. दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खाऊन जगावे लागले आणि तेवढ्यावरून त्यांना खाली ढकलले गेले, असा इतिहास त्यात मांडला आहे. म्हणजे भरतीच्या प्रश्नाखाली दडलेला जातीचा प्रश्न त्यांनी उघडा केला.

यात एक कच्चा दुवा आहे आणि तो झाकून ठेवणे आम्हाला पटत नाही. 'आम्ही क्षत्रिय होतो म्हणून आम्हाला घ्या' या युक्तिवादात 'जो क्षत्रिय नव्हता त्याला नका घेऊ' हे गृहीत येते. फुल्यांच्या अनुयायाने आपल्या संस्थेच्या नावात 'अनार्य' हा शब्द अभिमानाने मिरवावा आणि अर्जात मात्र क्षत्रियत्वाचा दाखला द्यावा, ही ओढाताण त्या काळाची आहे. सरकारला जी भाषा कळत होती ती वंशाची आणि कुळीची. अर्जदाराला अनेकदा निर्णय घेणाऱ्याच्या भाषेत बोलावे लागते. आज तहसीलमध्ये अर्ज लिहून देताना आम्हीही तेच करतो, म्हणून वलंगकरांना नावे ठेवायचा आम्हाला फारसा हक्क नाही. पण ती भाषा कुठे अपुरी पडली हे मात्र पाहायला हवे, कारण बाबासाहेबांनी पुढे नेमकी तीच बदलली.

रामजी सुभेदारही याच धडपडीत होते. या बंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज करावा म्हणून ते न्यायमूर्ती रानड्यांकडे मदत मागायला गेले होते, असे बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. आयुष्य लष्कराच्या शाळेत घालवलेला सुभेदार एका ब्राह्मण न्यायमूर्तीच्या दारात मसुद्यासाठी उभा आहे. घरी महूला १८९१ मध्ये जन्मलेले लहान मूल आहे. त्या मुलाच्या पिढीला पलटण नाही हे बापाला माहीत आहे. भिवाला शिकवण्यासाठी रामजींनी जी जिवापाड धडपड केली, तिच्यामागे हे बंद झालेले दारही असणार, असे आम्हाला वाटते.

बंदी काही उठली नाही. वलंगकर १९०० मध्ये गेले, रामजी १९१३ मध्ये. दोघांनाही आपल्या तक्रारीचा निकाल पाहायला मिळाला नाही.

मग पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी तो कागद हातात घेतला. हे स्वतः शिपाई नव्हते. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये नोकरी करणारा, स्वतः शिकलेला माणूस. १९०३ मध्ये त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा घेतली. त्यानंतर मुंबई सरकारकडे जो अर्ज गेला त्यावर १५८८ जणांच्या सह्या होत्या. आज व्हॉट्सअॅपवर एक लिंक फिरवून आपण हजार सह्या गोळा करतो. तेव्हा सासवड-पुरंदरच्या वाड्या पायी फिरून, बहुसंख्य निरक्षर लोकांना अर्ज वाचून दाखवून, समजावून हे काम झाले असणार. १९०८ मध्ये त्यांनी 'सोमवंशीय मित्र' मासिक सुरू केले. मुंबई सरकारकडे दाद लागत नाही म्हटल्यावर १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे थेट लंडनला, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज गेला. त्यावर परिषदेचे अध्यक्ष म्हणून सही होती सुभेदार बहादूर गंगाराम कृष्णाजी यांची. इथेही पुन्हा निवृत्त सैनिकच.

त्या अर्जातली मागणी किती छोटी होती ते पाहा. आम्हाला मोठमोठी पदे नकोत, तेवढे शिक्षण आमच्याकडे नाही. पोलिसातला शिपाई, लष्करातला शिपाई, सरकारी नोकरीतली सर्वांत खालची जागा, एवढे तरी द्या. एवढीशी मागणी आणि तीही पंधरा-सोळा वर्षे टेबलावर पडून. वाचताना राग येतो. पण छोटी मागणी म्हणजे छोटा विचार नव्हे. गावगाड्यात ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या अंगावर पोलिसाची वर्दी येणे म्हणजे काय हे पाटलाला चांगले कळत होते.

पुढे पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडू लागली आणि सरकारला अचानक महार लढाऊ दिसू लागले. १९१७ मध्ये '१११ वी महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, ती दुसऱ्या पलटणीत विलीन केली गेली आणि १९२१ मध्ये मोडीत काढली. ज्यांना 'लढाऊ जमात' सिद्धांताविषयी अजून शंका असेल त्यांनी ही दोनच वर्षे शेजारी शेजारी लिहून पाहावीत. चार वर्षांत कुठल्या जमातीचे रक्त बदलते?

बाबासाहेबांकडे हा प्रश्न असा आला, घरातून वारसाहक्काने म्हणा ना. कांबळ्यांच्या पुढाकाराने कोरेगावच्या स्तंभाजवळ सभा होऊ लागल्या होत्या, तिथे १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १९ मार्चला, महाडच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी याच दापोली-महाड भागातल्या पेन्शनरांची आठवण काढली. लष्करामुळे या भागात आपले लोक कसे शिकले, वर आले आणि भरती बंद झाल्यावर कसे पुन्हा खाली गेले, हे त्यांनी सांगितले. ज्यांच्या बळावर राज्य मिळवले त्यांनाच दूर लोटणे हा विश्वासघात आहे, असा त्यांचा सूर होता. चवदार तळ्याचे पाणी आपल्या सर्वांच्या लक्षात राहिले, त्याच भाषणातली ही बाजू फारशी राहिली नाही.

इथून अर्जाची भाषा बदलते. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनात लष्कर आणि पोलीस भरतीची मागणी आहे. ती आता राजकीय संरक्षणाच्या मागण्यांच्या रांगेत उभी आहे. जानेवारी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या संरक्षणविषयक उपसमितीत बाबासाहेबांनी आग्रह धरला की कार्यक्षमतेची अट पाळून लष्कराची भरती सर्व हिंदी लोकांना खुली हवी. सर्वांना, हा शब्द महत्त्वाचा. 'आमच्या आजोबांनी तुमच्यासाठी रक्त सांडले' हा आधार आता मुख्य राहिला नाही. 'आम्ही मूळचे क्षत्रिय' हा तर नाहीच. पात्रता असेल तर जातीवरून दार बंद करता येणार नाही, हा नागरिकाचा हक्क पुढे आला. वलंगकरांची तक्रार तीच, पण ज्या पायावर ती उभी होती तो पाया बदलला. इतिहासाचा वापर बाबासाहेबांनी सोडला नाही. अस्पृश्य आणि इंग्रजी राज्य या विषयावरच्या आपल्या लेखनात ते कोरेगाव सांगतात. पण तो इतिहास दयेसाठी नाही, इंग्रजांच्या कृतघ्नतेचा पुरावा म्हणून.

जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. पुन्हा युद्ध होते, पुन्हा माणसे हवी होती. पण या वेळी मागणी करणारा समाज १९१७ चा नव्हता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी आपल्या विदर्भात, कामठीला. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ही रेजिमेंट १९२१ सारखी मोडली गेली नाही, आजही आहे. १८९२ पासून मोजले तर ४९ वर्षे.

आमच्या वणी-मारेगावकडचे काही जण म्हणतात की ही सगळी कोकण-पुण्याची गोष्ट, आपला काय संबंध? एका अर्थी खरे आहे. तेव्हा हा भाग वऱ्हाडात होता, जिल्ह्याचे नावही १९०५ पर्यंत वणीवरून होते आणि मुंबई सरकारकडच्या अर्जांवर इथल्या कुणाची सही असण्याचे कारण नव्हते. पण भरतीबंदी उठली तेव्हा तिचा लाभ इथल्या घरांनाही झाला. आज पांढरकवडा रोडने जाताना ज्या घरांवर 'माजी सैनिक' अशी पाटी दिसते, त्या पाटीचा एक खिळा दापोलीत ठोकला गेला आहे.

कोरेगावबद्दल दोन बाजूंनी बोलले जाते. एक बाजू म्हणते, ते इंग्रजांचे चाकर होते, पोटासाठी लढले, कसला अभिमान? आमच्यातली काही मंडळी उलट टोकाला जाऊन त्या लढाईची रोज नवी दंतकथा रचतात, आकडे फुगवतात. दोघांनीही १८९४ आणि १९१० चे अर्ज विचारात घेतलेले नाहीत. पोटासाठी लढले हे खरेच, त्या काळचा प्रत्येक शिपाई, मराठा असो की गोरा, पोटासाठीच लढत होता. पण निव्वळ चाकर मालकाच्या निर्णयावर १५८८ सह्या घेऊन फेरविचार मागत नाही. आणि आकडे फुगवणाऱ्यांना एवढेच विचारायचे आहे की ज्यांच्या शौर्याच्या घोषणा देता, त्यांची न मिटलेली तक्रार तुम्हाला माहीत आहे का?

आता पुन्हा मारेगावच्या काकांकडे.

१८९४ आणि आजच्या काळात एक मोठा फरक आहे, तो म्हणजे संविधान. वलंगकरांना जिथे दाद मागायची ती जागा आणि ज्याच्याविरुद्ध मागायची ती जागा एकच होती. आज लष्करी न्यायाधिकरणाचा २००७ चा कायदा आहे आणि २००९ पासून ही न्यायाधिकरणे काम करत आहेत. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच धरायचे. पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा सैनिकाला द्यायचा. हा आजार भरतीच्या वेळी ओळखता आला नसता असे वैद्यकीय मंडळाला म्हणायचे असेल तर त्याची कारणे मंडळाने लिहिली पाहिजेत. म्हणजे काका विहारात बसून जे विचारत होते, 'का म्हून नाही?', त्याचे उत्तर मिळणे हा आता उपकार राहिलेला नाही.

तरीही त्यांच्या पिशवीत ती एकाच ओळीची पत्रे आहेत. हे केवळ त्यांच्या जातीमुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. अशा ओळी सगळ्या जातींच्या माजी सैनिकांना मिळतात. पण ज्याच्या घरात वकील नाही, भावकीत अधिकारी नाही, मुंबईला मुक्कामाची सोय नाही, त्याच्यासाठी ती ओळ शेवटची ठरते. आपल्या वस्त्यांत अशी घरे जास्त आहेत. निर्णय सर्वांसाठी सारखा असला तरी त्याच्यापुढे जाण्याची ताकद सारखी वाटली गेलेली नाही.

बैठकीतल्या त्या तरुण कार्यकर्त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी सोबत नेले. दोन तास लागले कागद तारीखवार लावायला. त्यात भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची नोंद सापडली, दोन्ही कान ठीक असल्याची. काकांना ती आपल्याजवळ आहे हेच माहीत नव्हते. वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागणारा अर्ज माहितीच्या अधिकाराखाली तिथेच लिहिला. अक्षर त्या पोराचेच, सही काकांची. निवेदनात 'कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असे त्याने सवयीने लिहिले होते. काकांनी ते वाचायला लावले, उजवा कान पुढे करून ऐकले आणि म्हणाले, "सहानुभूती खोड बाबू. कारण लिही."

ती ओळ खोडून अर्ज पुन्हा लिहिला आणि मारेगावच्या पोस्टातून रजिस्टरने पाठवला. पावती त्याच पिशवीत ठेवली आहे. मुंबईला जायची वेळ आली तर गाडीखर्चाची सोय १ जानेवारीच्या वर्गणीतून करायची, असे विहाराच्या बैठकीत ठरले आहे.